शॅमेलिऑनला उन्हात न्यायचं कसं: खांदा, दोरी, कुंडी की जाळीचं कपाट?

आमच्या घरी तात्या आहे. व्हेल्ड शॅमेलिऑन जातीचा सरडा, नर. साडेतीन वर्षांपूर्वी बोटाएवढा आला होता. आता शेपटीसकट हातभर झालाय. डोक्यावरचा उंच तुरा बघून सासूबाईंना फेट्याची आठवण झाली आणि नाव पडलं. कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं जुनं घर, वर उघडी गच्ची, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा शेवगा. या गच्चीवर त्याला ऊन देण्याच्या बहुतेक सगळ्या पद्धती मी करून पाहिल्यात आणि एकदा तो नऊ तास हरवलाही होता.

घरात शॅमेलिऑन असेल तर "याला जरा बाहेर न्यावं" आणि "पळाला तर काय" हे दोन विचार तुमच्याही मनात येत असतील. माझं मत आधीच सांगते. रोज ऊन द्यायचं असेल तर चारही बाजूंनी जाळी असलेला, उभा, जड पिंजरा. अधूनमधून वीस मिनिटं शेजारी बसून द्यायचं असेल तर कुंडीतली जास्वंद. खांद्यावर बसवून फिरवणं नको. दोरी तर नाहीच नाही. का, ते आता सविस्तर.

कोणता सरडा, हे आधी

आपल्या रानात, पन्हाळ्याच्या बाजूला, माळावरच्या बाभळीवर जो हळू चालणारा हिरवा प्राणी दिसतो, त्याला घोयरा किंवा सरडगुहिरा म्हणतात. तोही शॅमेलिऑनच, भारतातला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली त्याला संरक्षण आहे. त्याला पकडता येत नाही, पाळता येत नाही, "चार दिवस ठेवून सोडतो" असंही करता येत नाही. रस्त्यावर दिसला तर ओलांडू द्या, जखमी असेल तर वन विभागाला कळवा.

तात्याची जात येमेन आणि सौदी अरेबियातली. परदेशी शॅमेलिऑन 'साइटीस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची नोंद केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. या नोंदीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवाच. बाहेर नेल्यावर कोणी ना कोणी विचारतंच आणि विचारणाऱ्याचं चुकत नाही. लांबून बघणाऱ्याला घोयरा आणि तात्या यांत फरक करता येत नाही.

पळू न देण्याला आणखी एक कारण आहे आणि ते मला स्वतःच्या काळजीपेक्षा मोठं वाटतं. फ्लोरिडात आणि हवाईत ही जात माणसांकडून बाहेर गेली आणि तिथल्या रानात वाढली. अंड्यांनी भरलेली एक मादी निसटली तरी प्रश्न उभा राहू शकतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी तरी हे मनावर घ्यायला हवं.

मुळात न्यायचंच कशाला?

तात्या आला तेव्हा मी त्याला रोज सकाळी पूर्वेच्या खिडकीत ठेवायचे. स्वच्छ काच, भरपूर ऊन. मला वाटायचं, झालं की काम. चौथ्या महिन्यात तो फांदीवरच्या किड्यावर जीभ टाकायचा आणि ती अर्ध्यातच पडायची. पुढचे पाय कोपरात बाहेर वळल्यासारखे दिसायला लागले. डॉक्टरांनी त्याचा खालचा जबडा दोन बोटांत हलकेच धरला आणि मला बघायला सांगितलं. तो किंचित वाकत होता. हाड असं वाकू नये.

कारण काचेत होतं. उन्हातल्या ज्या अतिनील किरणांमुळे सरड्याच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, ते किरण खिडकीची काच अडवते. उजेड येतो, ऊब येते, पण कामाचं ऊन येत नाही. ड जीवनसत्त्व नाही म्हणजे खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, मग शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढतं. पॉलिकार्बोनेटचे पारदर्शक पत्रेही तेच करतात. गच्चीवर तसा पत्रा असेल तर त्याखाली ठेवून उपयोग नाही.

तेव्हा तुलनेतला पहिला पर्याय आहे 'न नेणं'. तो वाईट नाही. घरात अतिनील किरणांची लांब ट्यूब बसवली, ती योग्य अंतरावर टांगली, साधारण वर्षाने बदलली, तर शॅमेलिऑन बाहेर न जाताही धडधाकट राहतो. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर ट्यूबशिवाय चालतच नाही. आठ-आठ दिवस ढग हलत नाहीत. त्यामुळे ट्यूब तर घ्यायचीच. ऊन हे तिच्यावरचं लोणी. घरी दिवसभर कोणी नसेल, गच्चीवर मांजरांचा राबता असेल, तर ट्यूबवर भागवा आणि मनात अपराधी वाटून घेऊ नका.

पण खरं ऊन मिळालं की फरक दिसतो, हेही सांगते. तात्या उन्हात गेला की पहिल्या दोन मिनिटांत अंग एका बाजूने चपटं करतो, उन्हाकडची बाजू काळपट गडद होते, सावलीतली बाजू फिकीच राहते. एकाच अंगावर दोन रंग. ऊब पुरेशी झाली की तो गडदपणा उतरतो आणि पोपटी पट्टे उजळतात. ट्यूबखाली असा पोपटी मी कधी पाहिला नाही.

तो पळतो कसा

आपल्याकडे म्हण आहे, सरड्याची धाव कुंपणापर्यंत. कुंपणावरच्या साध्या सरड्याला ती लागू असेल. शॅमेलिऑनची धाव मुळात आडवी नसतेच. ती उभी असते. त्याला सगळ्यात उंच जागा हवी असते, कारण खाली असणं म्हणजे कोणाच्या तरी तोंडात जाणं. जमिनीवर ठेवलात तर तो पहिली उभी वस्तू शोधतो: भिंत, पाइप, तुमची साडी, काहीही. पाय चिमट्यासारखे असतात, पाच बोटं दोन आणि तीन अशी जोडलेली. शेपटी पाचवा हात. खरबरीत भिंत, दोरी, वायर, सगळं चालतं.

आणि तो हळू असतो या भरवशावर सगळे फसतात. झुलत झुलत, एक पाऊल पुढे अर्धं मागे, असा चालतो तेव्हा हळूच असतो. पण एकदा ठरवलं की मिनिटाभरात गच्ची ओलांडतो. बिलकूल आवाज होत नाही. पान हलल्यासारखं हलतो, आपली नजर गेली तरी मनात नोंद होत नाही.

म्हणून "माझा शॅमेलिऑन माणसाळलेला आहे का?" हा प्रश्न इथे कामाचा नाही. तो कुत्र्यासारखा हाकेला येणार नाही, कितीही लाडका असला तरी. खरा प्रश्न हा की तुमची नजर सलग किती मिनिटं त्याच्यावर राहू शकते. त्या उत्तरावर पद्धत निवडा.

हात आणि खांदा

सगळ्यात सोपं दिसतं. खर्च नाही, बांधाबांध नाही. फोटो सुरेख येतात. आणि माणूस हेच झाड असल्यामुळे तो खांद्यावरून डोक्यावर जाऊन शांत बसतोही.

अडचण अशी की खांद्यावर असताना तो तुम्हाला दिसत नाही. मान वळवून बघायचं म्हटलं तर तो पाठीवर गेलेला असतो. दारातून वाकून जाताना चौकटीला, फांदीखालून जाताना फांदीला चिकटतो आणि तुम्ही पुढे निघून जाता. शिवाय माणसाच्या हातात त्याला स्वतःहून सावलीत जाता येत नाही. तापला तरी सांगणार कोणाला?

कोणी सुचवतं, रंकाळ्यावर घेऊन जा, लोकांना बघायला मिळेल. कृपा करून नेऊ नका. भेळेच्या गाड्यांजवळची गर्दी, कुत्री, "काका मला हात लावू द्या" म्हणणारी पोरं, तळ्यावरचा वारा, वर फिरणाऱ्या घारी. शॅमेलिऑनला घार फार लांबून दिसते. दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात, त्यातला एक बहुतेक वेळा आभाळाकडेच असतो. आपल्याला ज्या ठिकाणी मोकळं वाटतं, तिथे तो अंग काळं करून, पोट आत ओढून नुसता दिवस काढतो. सार्वजनिक बागांचंही तेच. झाडं उंच, त्यांवर काय फवारलंय ते कळायला मार्ग नाही, आणि एकदा का वीस फुटांवर गेला की आपल्या हातात काही उरत नाही.

खांदा फक्त एका कामासाठी ठीक: खोलीतून गच्चीपर्यंत न्यायला. त्यातही मी हातापेक्षा फांदीवर बसवून नेते.

दोरी, पट्टा

यावर फार लिहीत नाही. शॅमेलिऑनचं अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं चपटं असतं आणि तो ते फुगवतो, आवळतो. फुगलेला असताना बांधलेली दोरी आवळल्यावर सुटते. आवळलेला असताना बांधलेली फुगल्यावर रुतते. पाय काडीसारखे. उंचावरून घसरला आणि दोरीला लटकला तर बरगडी किंवा पाय जातो. पालीसारखी त्याची शेपटी तुटून परत येत नाही, गेली ती कायमची. म्हणजे पळणं थांबायची खात्री नाही आणि इजेची मात्र आहे. बाजारात सरड्यांसाठी चामडी पट्टे मिळतात. ते दणकट बांध्याच्या, जमिनीवर चालणाऱ्या सरड्यांना बेतलेले असतात, यांना नव्हे.

कुंडीतली जास्वंद

ही पद्धत मला मनापासून आवडते. नऊ तास तो हरवला तो याच पद्धतीत. दोन्ही सांगते.

मोठ्या कुंडीत तीन-चार फुटांची, भरगच्च जास्वंद. ती गच्चीच्या मधोमध, भिंतीपासून, पाइपापासून लांब. शॅमेलिऑन तिच्या शेंड्यावर बसवायचा आणि आपण शेजारी पाट टाकून बसायचं. त्याला ऊन हवं तर शेंडा, सावली हवी तर पानांच्या आत. स्वतःची ऊब स्वतः ठरवता येणं ही त्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. पानांवर पाणी शिंपडलं की थेंब चाटतो. वाटीतलं साचलेलं पाणी त्याला सहसा कळत नाही, हलणारा, चकाकणारा थेंब कळतो. जास्वंदीची पानं, फुलं कुरतडली तरी बिघडत नाही, व्हेल्ड शॅमेलिऑन पाला खातातच. कण्हेर मात्र चुकूनही नको, ती विषारी. चीक निघणारी झाडंही नकोत. नर्सरीतून आणलेलं झाड महिनाभर नुसत्या पाण्याने धुवून मगच वापरा, त्यावर औषध मारलेलं असतं.

जोपर्यंत झाड पुरेसं वाटतं तोपर्यंत तो उतरत नाही. उतरायच्या आधी खूण देतो: शेंड्यावरून बाहेर लांबवर टक लावतो, अंग पुढे-मागे झुलवतो, पुढचा एक पाय हवेत धरून चाचपतो. ती खूण दिसली की आत न्यायची वेळ झाली.

आता त्या दिवसाचं. फेब्रुवारी, सकाळचे साडेदहा. खालून सिलेंडरवाल्याने हाक मारली. पैसे देऊन वर यायला मला सात-आठ मिनिटं लागली असतील. कुंडी भिंतीपासून पाच फूट होती, मी मोजून ठेवलेली. डोक्यावरून जाणारी कपड्यांची दोरी मात्र मी कधी मोजलीच नव्हती. शेंड्यापासून ती वीतभर वर होती. शेपटीने शेंडा धरून त्याने पुढच्या पायांनी दोरी गाठली असणार आणि दोरीवरून सरळ भिंतीकडे, भिंतीवरून शेवग्यात.

दिवसभर शोधलं. शेवग्याची बारीक पानं, त्यात हिरवा प्राणी. चार जणांनी चार बाजूंनी पाहूनही दिसला नाही. झाड हलवू दिलं नाही मी कोणाला. हलवलं की तो आणखी वर जातो किंवा पडतो. शेवगा चढायचं झाडही नव्हे, फांदी कडकन मोडते. शेजारच्या काकू काठी घेऊन उभ्या होत्या, त्यांना वाटत होतं चावला तर माणूस जाईल. त्यांना समजावलं की याला विष नसतं. घोयऱ्यालाही नसतं. हे शेजाऱ्यांना आधीच, पळायच्या आधी सांगून ठेवायला हवं होतं.

अंधार पडल्यावर सापडला, साडेसातला. शॅमेलिऑन झोपला की रंग अगदी फिका पडतो आणि तो फांदीच्या टोकाला झोपतो. बॅटरीच्या उजेडात हिरव्या पानांत तो पांढुरका उठून दिसतो. रानात यांचा अभ्यास करणारेही रात्री बॅटरी घेऊनच मोजदाद करतात, हे मी वाचलेलं होतं म्हणून आशा सोडली नव्हती. शेजारच्या तालमीतली पोरं आली होती. त्यातल्या एकाने गच्चीच्या कठड्यावरून बॅटरी फिरवली.

"वैनी, त्यो बघा की! पांढरा दिसतोय."

"हात पोचतोय काय रे?"

"पोचंल, खरं फांदी मोडंल. आकडी आणा शेंगा काढायची."

आकडीने ती बारीक फांदी हळूहळू गच्चीकडे ओढली. मी फांदीचं टोक कात्रीने कापलं आणि तात्याला फांदीसकट आत आणलं. पूर्ण वेळ त्याने एक डोळा अर्धवट उघडून आमच्याकडे बघितलं, पकड सोडली नाही. त्या पोराचे उपकार मी विसरणार नाही.

तेव्हा कुंडी निवडायची तर माझ्या अटी ऐका. आजूबाजूला हातभर मोकळं, तेवढंच वरही मोकळं. दार वाजलं, फोन आला, काहीही झालं तरी आधी तो आत, मग बाकीचं. कुंडीभोवती परातीत पाणी ठेवायची युक्ती लोक सांगतात. मी ठेवून पाहिली. तो काठावर थबकतो खरा, पण भरवसा ठेवण्याइतका नाही, आणि खोल पाण्यात पडला तर बुडायची भीती. मादी असेल आणि पोट भरलेलं, अस्वस्थ, सारखी खाली उतरत असेल तर तिला अंडी घालायला माती हवी आहे. नराचा संग नसला तरी ही मादी अंडी धरते. अशा दिवसांत तिला कुंडीवर बाहेर आणूच नका, ती थांबणार नाही. तिला घरात ओलसर वाळू-मातीची खोल बादली द्या.

कपड्यांची जाळीदार टोपली

मळके कपडे ठेवायची, तारेच्या चौकटीची, घडी होणारी जाळीची उभी टोपली मिळते. वर चेन असेल तर तीच घ्या. आत आडव्या दोन काठ्या, एक पानांची फांदी. स्वस्त, हलकी, गावाला नेता येते. पिल्लांसाठी पहिल्या वर्षी मी हीच वापरली.

हलकेपणा हाच तिचा दोष. आपल्याकडे मे अखेरीला वळवाचा वारा सुटतो त्यात ती गच्चीवरून गडगडत जाईल. तळाशी दोन विटा ठेवा. नायलॉनची जाळी मांजराच्या पंज्यापुढे टिकत नाही आणि नाकतोडे ती कुरतडून बाहेर पडतात. त्यामुळे तुम्ही शेजारी आहात तेवढाच वेळ ती वापरायची. कुंडीपेक्षा सुरक्षित, कपाटापेक्षा कमी. सुरुवात करणाऱ्याने इथून केली तर मला पटेल.

जाळीचं कपाट

सासूबाईंचं दुभत्याचं जुनं कपाट माळ्यावर पडून होतं. सागवानी चौकट, तीन बाजूंना जाळी, पाय उंच. फ्रिज यायच्या आधी त्यात दूध-सायीची भांडी असायची आणि मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे. त्या हरवण्याच्या प्रकारानंतर मी त्यांना विचारलं, वापरू का? म्हणाल्या, "वापर की, दूध काय आता त्यात ठेवायचंय!"

सुताराकडून मागची फळी काढून तिथेही जाळी बसवली, मधले कप्पे काढले, वरचं छतही जाळीचं केलं. आतली मोकळी उंची चार फूट झाली, रुंदी-खोली दोन-दोन फूट. मोठ्या शॅमेलिऑनला एवढं असावं. गंजकी जुनी जाळी काढून अर्ध्या इंचाची, प्लॅस्टिकचं आवरण असलेली वेल्डमेश लावली. जाळीबद्दल थोडं थांबून सांगते, कारण इथेच लोक चुकतात. डासांची बारीक जाळी किडे आत ठेवते, पण ऊनही बरंच अडवते आणि नखं तिच्यात अडकतात. कोंबड्यांची षटकोनी जाळी फार मोकळी, त्यातून मांजराचा पंजा आत येतो. अर्धा इंच हा मधला मार्ग. किडे निसटतात, म्हणून मी खाणं गुळगुळीत डब्यात टांगून देते. आवरणाची तार पायांना टोचत नाही आणि उन्हात उघड्या तारेइतकी चटकत नाही.

पायांखालच्या वाट्या पुन्हा आल्या. तांबड्या मुंग्यांनी पिंजऱ्यातल्या सरड्याला घेरलं तर त्याला पळायला जागा नसते, म्हणून या वाट्यांना मी पळण्याइतकंच महत्त्व देते. दाराला साधी कडी, वर आणि खाली अशा दोन. एका कडीवर दार खालून बोटभर फाकतं आणि चपट्या अंगाला तेवढं पुरतं. मेडिकलमधून सलाईनची रिकामी बाटली आणि नळी आणली, तिचा थेंब पानावर पडत राहतो. एका बाजूला ओलं गोणपाट टाकलं की अर्धं कपाट ऊन, अर्धं सावली.

कपाट थेट गच्चीच्या फरशीवर नको, बाकड्यावर हवं. फरशी दहाच्या पुढे खालून भाजते. आत साधा थर्मामीटर टांगलाय. सावलीच्या बाजूला तो ३२ अंशांवर गेला की मी तात्याला आत घेते. त्याने तोंड उघडं ठेवलं आणि रंग फिका पडला तर थर्मामीटर बघत बसू नका, लगेच सावली आणि पाणी.

तोटे आहेतच. जड आहे, दोघांशिवाय हलत नाही. सुताराची मजुरी धरली तर टोपलीच्या कितीतरी पट खर्च. आणि जाळी असली तरी घार, कावळा, भारद्वाज घिरट्या घालायला लागला की त्याला भीती वाटतेच, म्हणून आत दाट पाला हवा, लपायला. पण त्या सिलेंडरच्या हाकेला मी आज निर्धास्त खाली जाऊन येते. अर्धा तास, पाऊण तास. त्यापुढे मात्र कपाटाच्या भरवशावरही राहत नाही.

फ्लॅटची बाल्कनी

नागाळा पार्कात बहिणीच्या फ्लॅटला कबुतरांची जाळी आहे. "एवढी जाळी आहे, मोकळाच सोड की," असं तिचं म्हणणं. आम्ही एकदा सोडला. कबुतराच्या जाळीची भोकं कबुतराच्या मापाची असतात. तात्याचा तुरा अडकेल, पण लहान शॅमेलिऑन आरपार जाईल. छताजवळ जाळी आणि भिंतीमध्ये फट असते ती खालून दिसत नाही. तो तिकडेच गेला, वर टोकाला जाळी धरून बसला. उतरवायला स्टूल, एकेक पाय सोडवणं, अर्धा तास. बाल्कनीत कपाट किंवा टोपली ठेवा आणि कबुतराची जाळी ही दुसरी भिंत समजा, पहिली नव्हे. बाल्कनी पूर्वेची असेल तर सकाळचं ऊन आत येतं. वरच्या मजल्याचा स्लॅब दुपारचं ऊन अडवतो.

कोल्हापूरचं ऊन, कोणत्या वेळी

सकाळी सातचं कोवळं ऊन बाळाला चांगलं म्हणतात. शॅमेलिऑनला ते ऊब देतं, पण अतिनील किरण त्यात थोडे असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा थोडीच लांब असते ती वेळ बरी. मार्च ते मे मध्ये ती साडेआठ ते साडेनऊ, डिसेंबर-जानेवारीत दहा ते अकरा. उन्हाळ्यात पंधरा-वीस मिनिटं पुरतात. थंडीत गच्चीवर वारा गार असेल तर ऊन असूनही नेत नाही. पावसाळ्यात उघडीप मिळाली की नेते, फक्त ऊन एकदम कडक निघतं आणि हवा दमट असते, म्हणून जवळच थांबते. उसाच्या रानातून पकडून आणलेले नाकतोडे बाहेर असताना "ताजं" म्हणून देऊ नका, फवारणीचा भरवसा नसतो.

मग तुमच्यासाठी कोणतं?

पिल्लू असेल, सहा महिन्यांच्या आतलं, तर टोपली, दहा मिनिटं, आणि तुम्ही शेजारी. ते लवकर तापतं आणि लवकर सुकतं. मोठा नर, स्वतःचं घर, गच्ची, रोजची सवय लावायची इच्छा: कपाट, दुसरा विचार नको. आठवड्यातून एकदा, रविवारी, हातात फोन न घेता बसायची तयारी: कुंडी, आणि वरची दोरी आधी सोडा. घरात लहान मुलं दार उघडं टाकतात, मांजर पाळलेलं आहे, किंवा भाड्याच्या खोलीला गच्चीच नाही: ट्यूब चांगली घ्या आणि घरातच ठेवा. दोघांत मन अडकलं असेल, कुंडी की कपाट, तर आठवडाभर घड्याळ लावून बघा की तुम्ही सलग वीस मिनिटं एका जागी बसता का. मी बसत नाही हे मला तो हरवल्यावर कळलं.

आणि आत घेताना घाई करू नका. पकडलेल्या फांदीवरून त्याला ओढलं की नखं उपटतात, पाय मुरगळतो. वरून हात आणला की त्याला घार वाटते. हात किंवा काठी त्याच्या पुढे, छातीच्या किंचित वर धरा आणि मागून शेपटीला बोट लावा. त्याला वर जायचंच असतं. एक पाय येतो, मग दुसरा, शेपटी सगळ्यात शेवटी सुटते. ती सुटेपर्यंत थांबा, मग चालायला लागा.